दीर्घ आजारांचा भार : जोखीम कोणाची, खर्च कोणाचा?

(शिरूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घोडनदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके एकेकाळी अवर्षणाचे म्हणून ओळखले जात. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा ही येथील पिके. हिवताप, पटकी, क्षय, हगवण हे येथील आजार. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेली पिढी या गावांतून अद्याप हयात आहे. ती माणसे आज आठवडी बाजाराला येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत मीठमिरचीबरोबर औषधांची पुडीही असते. तीत एक गोळी रक्तदाबाची, एक मधुमेहाची. कोणाच्या खिशात दम्याचा पंप. ज्यांनी ऐन तारुण्यात पोटभर अन्न पाहिले नाही, त्यांनाच उतारवयात श्रीमंतांचे म्हणून समजले गेलेले आजार जडावेत, ही घटना दैवाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. तिच्यामागे कारणे आहेत, त्या कारणांना इतिहास आहे, आणि त्यांपैकी पुष्कळशी कारणे अर्थव्यवहारातील आहेत. त्यांचा विचार हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

जगाचा हिशेब

प्रथम प्रश्नाची व्याप्ती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ साली असंसर्गजन्य आजारांनी, म्हणजे मुख्यतः हृदयविकार व पक्षाघात, कर्करोग, फुप्फुसांचे दीर्घ आजार आणि मधुमेह यांनी, निदान ४ कोटी ३० लाख माणसे दगावली. करोनाच्या साथीतील मृत्यू बाजूला ठेवले तर जगातील दर चार मृत्यूंपैकी तीन या एका सदरात पडतात. त्यांतील १ कोटी ८० लाख माणसे सत्तरी गाठण्यापूर्वीच गेली, आणि अशा अकाली मृत्यूंपैकी ८२ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. भारतापुरते बोलावयाचे तर १९९० साली एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३८ टक्के मृत्यू या आजारांनी होत. २०१६ साली हे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवर गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या वाढीचा एक भाग समाधानाचा आहे. देवी गेली, पटकी आटोक्यात आली, बालमृत्यू घटले, म्हणून अधिक माणसे पन्नाशी-साठी पाहू लागली, आणि वयाबरोबर येणारे आजार दिसू लागले. तेवढेच असते तर चिंतेचे कारण नव्हते. परंतु आपल्याकडील माणसाला हे आजार पाश्चात्त्य देशांतील माणसापेक्षा लवकर गाठतात, कमावत्या वयात गाठतात, आणि गाठतात तेव्हा त्याच्या हाताशी उपचाराचे साधन नसते. प्रश्न या अकालीपणाचा आणि असहायतेचा आहे.

आजारांचा असा जागतिक ताळेबंद मांडण्याची कल्पना मुळात जागतिक बँकेच्या आश्रयाने पुढे आली. बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालात ती प्रथम ठळकपणे वापरली गेली. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारपणात, अपंगत्वात काढलेली वर्षे यांची बेरीज करून 'डॅली' या नावाचे एक माप तयार करण्यात आले. माप उपयुक्त आहे. कारण केवळ मृत्यू मोजले तर पक्षाघाताने दहा वर्षे बाजेवर पडलेला माणूस हिशेबात येतच नाही. पण प्रारंभीच्या स्वरूपात या मापात पंचविशीतील माणसाचे एक वर्ष बालकाच्या किंवा वृद्धाच्या एका वर्षापेक्षा अधिक मोलाचे धरले जाई, आणि भविष्यातील वर्षांना व्याजाच्या हिशेबाप्रमाणे कसर लावली जाई. सुधीर आनंद व कारा हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली त्यावर मूलगामी आक्षेप घेतले. पुढे २०१० च्या गणनेपासून या दोन्ही गोष्टी वगळण्यात आल्या. ताळेबंद कोणत्या खतावणीत मांडावयाचा हा निर्णय कधीच निव्वळ तांत्रिक नसतो, हे ध्यानात यावे यासाठी हा उल्लेख केला.

'जोखीम' हा शब्द

आजारांच्या या हिशेबाला जोडून दुसरा हिशेब येतो, तो जोखमीच्या घटकांचा. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करणारा एक अभ्यास सुरू झाला. हृदयविकार कोणाला होतो, याचा माग त्यात काढला गेला, आणि १९६१ च्या सुमारास रक्तदाब, रक्तातील चरबी इत्यादींना 'जोखमीचे घटक' म्हणण्याचा प्रघात पडला. आज जगाच्या यादीत अग्रभागी उच्च रक्तदाब आहे. २०१९ सालच्या गणनेनुसार सुमारे १ कोटी ८ लाख मृत्यू त्याच्याशी आणि सुमारे ८७ लाख मृत्यू तंबाखूशी जोडले गेले. त्यांच्या मागोमाग सदोष आहार, दूषित हवा, रक्तातील वाढलेली साखर व स्थूलता हे घटक येतात. हे आकडे एकमेकांत मिळवावयाचे नसतात. रक्तदाब असलेला व तंबाखू खाणारा माणूस हृदयविकाराने गेला तर तो दोन्ही सदरांत मोजला जातो.

शास्त्र म्हणून यात वावगे काही नाही. पण हा शब्द वैद्यकाच्या ग्रंथातून व्यवहारात उतरला तेव्हा त्याचा अर्थ हळूहळू पालटला. 'जोखमीचा घटक' म्हणजे 'रुग्णाची वाईट सवय' असे समीकरण रूढ झाले. तंबाखू सोडा, मीठ कमी करा, रोज अर्धा तास चाला, भाज्या-फळे खा, चिंता करू नका, हा उपदेश दवाखान्याच्या भिंतीवर रंगवला गेला. उपदेश खोटा नाही. पण तो ज्याला करावयाचा तो माणूस कोठे राहतो, काय पिकवतो, कोणत्या पाळीत राबतो आणि त्याच्या हाती आठवड्याला किती पैसे येतात, याची चौकशी त्या भिंतीवर नसते. ती चौकशी करावयाची तर दूर जावयास नको.

वढूची नोंदवही

संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्व महाराष्ट्राला ठाऊक असलेले वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातील गाव आरोग्याच्या जगात आणखी एका कारणाने परिचित आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातीलच स्त्रियांना शिकवून आरोग्यसेवेचा पाया त्यांच्यावर उभारता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची घरोघर जाऊन अखंड नोंद ठेवली जाऊ लागली.

या नोंदीचे महत्त्व मोठे आहे. आपल्या देशात मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहून दिलेले असावे ही गोष्ट अजूनही अपवादाची आहे. २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी चौथ्या हिश्श्याइतक्या मृत्यूंनाही वैद्यकीय दाखला नव्हता. घरात अंथरुणावर गेलेला माणूस 'म्हातारपणाने' किंवा 'छातीत कळ येऊन' गेला, एवढेच गाव सांगते. अशा ठिकाणी प्रशिक्षित कार्यकर्ता घरच्यांना भेटून शेवटच्या दिवसांतील लक्षणे विचारतो. धाप लागत होती काय, अंगाची एक बाजू लुळी पडली होती काय, खोकल्यातून रक्त येत होते काय. आणि डॉक्टर त्या उत्तरांवरून कारण ठरवतात. या पद्धतीला मौखिक शवचिकित्सा म्हणतात. हिच्यामुळे खेड्यातील मृत्यू प्रथमच कारणासह कागदावर येऊ लागला.

वढूचा समावेश २००५ साली आशियातील पाच देशांच्या एका संयुक्त अभ्यासात झाला. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, थायलंड व व्हिएतनाम येथील नऊ ठिकाणच्या, २५ ते ६४ वयाच्या, अठरा हजारांहून अधिक माणसांची पाहणी त्यात झाली. ही वस्ती मुख्यतः ग्रामीण होती. तरीही तीतील ७० टक्क्यांहून अधिक माणसांत जोखमीचे तीन वा अधिक घटक एकत्र आढळले. दीर्घ आजार म्हणजे शहरातील बैठ्या पेढीवरच्या शेठजींचे आजार, ही समजूत तेव्हाच निकालात निघावयास हवी होती. ती अद्याप निघालेली नाही, हे आरोग्याच्या अंदाजपत्रकाकडे पाहिले की कळते.

सवय आणि परिस्थिती

आता या घटकांपैकी काहींचा क्रमाने विचार करू.

तंबाखूपासून आरंभ करावा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखू वापरणारे आढळले. त्यांत ओढणारे ३.८ टक्के आणि चघळणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राचा तंबाखू धुराचा नव्हे, चुन्याचा आणि मिश्रीचा आहे. पहाटे चुलीवर तंबाखू भाजून केलेली मिश्री दातांना लावणारी शेतमजूर स्त्री ती शौक म्हणून लावत नाही. दात दुखतो, भूक मारावी लागते, खुरपणीला वाकल्यावर डोके जड होते, त्यावर तिला परवडणारा तोच एक उतारा असतो. पाळीवरचा कंत्राटी कामगार मावा खातो तो रात्री डोळा लागू नये म्हणून. राज्य शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. बंदी आवश्यक होती. परंतु ज्या थकव्यावर आणि भुकेवर हा व्यापार उभा आहे तो थकवा व ती भूक कायम राहिल्याने माल टपरीवरून उठून टपरीच्या मागे गेला, एवढेच.

दुसरा घटक धुराचा. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली एका गाजलेल्या लेखात दाखवून दिले की, फुप्फुसाच्या दीर्घ आजाराचे कारण केवळ सिगारेट नव्हे. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड, गोवऱ्या, पाचट यांच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या घरांतील माणसे सुमारे ३०० कोटी. आयुष्यात एकही विडी न ओढलेल्या स्त्रीचा दम याचे उत्तर त्यात आहे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने घरोघर गॅसची शेगडी पोहोचली, हे मान्य केले पाहिजे. पण दुसरी, तिसरी टाकी भरावयाची तर रोख रक्कम लागते, आणि बांधावरची काटकी फुकट मिळते. तेव्हा पाहुण्यांच्या चहाला गॅस आणि रोजच्या भाकरीला चूल, अशी विभागणी होते. दौंड तालुक्यात गुऱ्हाळांची संख्या मोठी आहे. तेथे चुलवाणासमोर बसून हंगामभर चिपाड लोटणाऱ्या मजुराची छाती कोण तपासतो? त्याला ना सुट्टी, ना हजेरीपट, ना विमा.

तिसरा घटक आहाराचा, आणि येथे अर्थशास्त्र अगदी उघडे पडते. घोड, चासकमान व खडकवासला यांच्या कालव्यांचे पाणी या तालुक्यांच्या शिवारात आले आणि त्याबरोबर ऊस आला. शेतकऱ्याने ऊस लावला याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. उसाला कायद्याने किमान दर आहे, चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. ते पाळले जात नाही तेव्हा निदान भांडण्यासाठी कारखान्याचे फाटक तरी आहे. बाजरीला आधारभूत किंमत कागदावर जाहीर होते. ती देऊन खरेदी करणारे केंद्र क्वचितच दिसते. परिणामी जेथे भाकरी पिकत होती तेथे साखर पिकू लागली. घरात शिधापत्रिकेवरचा गहू-तांदूळ आला आणि टपरीवर चहा, बिस्किटाचा पुडा व वडापाव आला. २०२२ च्या दिवाळीत शासनाने शंभर रुपयांत जो शिधा दिला त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होते. गरिबाच्या सणाला गोड घास मिळू नये, असे कोणीही म्हणणार नाही. मात्र शासन जे स्वस्त करते तेच ताटात येते, हे त्यावरून कळते. मग भाजी-फळे कमी खाण्याची 'सवय' ही कोणाची सवय म्हणावी?

चौथा घटक या जागतिक यादीत धड बसतही नाही; तो श्रमाचा. यादी सांगते की शारीरिक श्रमांचा अभाव हे आजाराचे कारण. नोकरदार माणसाला ते लागू आहे. पण बीड-नगरकडून हंगामात येथे उतरणाऱ्या ऊसतोडणी कामगाराला ते कसे लागू पडावे? पती-पत्नी मिळून 'कोयता' धरला जातो, मजुरी टनावर, मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर, आणि एक दिवस पडून राहिले तर खाडा. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा व एल साल्वादोर येथे, ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण असाधारण आढळले. त्यांना ना मधुमेह होता, ना रक्तदाब. कडक उन्हातील अतिश्रम आणि पाण्याची कमतरता हे त्याचे प्रमुख कारण असावे, असे संशोधकांचे मत झाले. पिण्याचे पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती एवढ्या साध्या उपायांनी मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाल्याचेही निकाराग्वात दिसून आले. अतिश्रम ही जोखीम आहे, हे मान्य करावयाचे म्हणजे कामाचे तास आणि मजुरीची पद्धत हे आरोग्याचे विषय आहेत, हे मान्य करावयाचे.

आईपासून चालत आलेला आजार

या सर्वांहून खोल जाणारा एक धागा पुणे जिल्ह्यातच सापडला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पण फरक केवळ वजनाचा नव्हता. आपल्या बालकाचे स्नायू व पोटातील अवयव खुरटलेले, चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. दिसावयास कृश, पण अंगात मेद अधिक, अशा या बालकाचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर त्याची चर्चा झाली. गर्भात उपासमार सोसलेल्या शरीराला पुढे थोडेसे अधिक अन्न व थोडेसे कमी श्रम मिळाले तरी मधुमेह व हृदयविकार त्याला लवकर गाठतात, असे या संशोधनाचे सूत्र आहे.

याच अभ्यासातील आणखी दोन निष्कर्ष या सभेने विशेष लक्षात घ्यावेत. गरोदरपणी शेतावर व घरात अधिक कष्ट करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान भरली. आणि ज्या स्त्रियांच्या खाण्यात दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा होती त्यांची बाळे मोठी भरली. शिरूर व दौंड हे दुधाचे तालुके आहेत. भल्या पहाटे गोठ्यात धार काढणारी स्त्री कासंडी भरून डेअरीवर पाठवते, कारण आठवड्याचा बाजार त्या दुधाच्या पगारावर चालतो. घरात राहते ते चहापुरते. पालेभाजीची जुडी पुण्याच्या मार्केट यार्डात जाते. अशा रीतीने जिच्या हातून हे अन्न निर्माण होते तिच्याच पोटी ते न जाता बाजारात जाते, आणि त्या व्यवहाराची तूट पन्नास वर्षांनी तिच्या मुलाच्या रक्तातील साखरेत दिसते. दुष्काळात खडी फोडणाऱ्या पिढीच्या पिशवीत आज गोळ्या का आहेत, या आरंभीच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते.

खर्च कोण भरतो

जोखीम अशी समाजाच्या व्यवहारात निर्माण होते. पण तिचा खर्च कोणाच्या नावावर पडतो? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरील एकूण खर्चापैकी लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता; २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट स्वागतार्ह आहे. तरीही शंभरातील जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणूसच मोजतो. सरकारी खर्च त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ पर्यंत गाठावयाचे ठरवले होते.

दीर्घ आजाराचा खर्च आणि अपघाताचा खर्च यांत एक मूलभूत भेद आहे. अपघाताचा खर्च एकदा येतो. त्यासाठी माणूस एखादे जनावर विकतो, हातउसने घेतो, सावरतो. रक्तदाबाचा खर्च दरमहा येतो आणि मरेपर्यंत येतो. त्याची गोळी महाग नाही. पण गोळी मिळवण्यासाठी तालुक्याला जावे लागते, एक रोज बुडतो, एस.टी.चे भाडे पडते, आणि आजार दुखत तर नसतो. तेव्हा महिनाअखेरीस पहिली काट त्या गोळीवर बसते. यातूनच वैद्यकातील 'निम्म्याचा नियम' प्रत्ययास येतो : रक्तदाब असलेल्यांपैकी निम्म्यांनाच तो ठाऊक, त्यांतील निम्मेच उपचार घेणारे, आणि त्यांतीलही निम्म्यांचाच आटोक्यात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार प्रौढ भारतीयांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना, म्हणजे १० कोटींहून अधिक माणसांना, मधुमेह आहे. निम्म्याचा नियम या संख्येला लावून पाहावा, म्हणजे किती माणसे नकळत पक्षाघाताच्या वाटेवर आहेत याची कल्पना येईल.

आणि मग एके दिवशी तो माणूस कोसळतो. त्या वेळी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्याच्या हृदयावरील शस्त्रक्रियेचा वा डायलिसिसचा भार उचलते. ती उचलावीच. परंतु जी व्यवस्था शस्त्रक्रियेसाठी खासगी रुग्णालयाला मोठी रक्कम तत्परतेने देते, तीच व्यवस्था ती शस्त्रक्रिया टाळणारी गोळी दरमहा उपकेंद्रात ठेवण्यात चुकते, याला काटकसर म्हणता येणार नाही. पाटाची गळती बुजवावयाची नाही आणि पाणी शेवटच्या शेतात शिरल्यावर नुकसानभरपाई वाटावयाची, असा हा कारभार आहे.

करता येण्याजोगे

हे बदलता येत नाही असे मानण्याचे कारण नाही. फिनलंडच्या नॉर्थ करेलिया प्रांतात साठच्या दशकात कमावत्या वयाचे पुरुष हृदयविकाराने मोठ्या संख्येने मरत. लाकूडतोडे आणि गवळी यांचा तो गरीब प्रदेश. लोणी हेच त्याचे अन्न व उत्पन्न. १९७२ साली तेथे पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. त्यांनी माणसांना उपदेश केलाच. पण त्याबरोबर गृहिणींच्या संघटना हाताशी धरल्या, खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांना चरबी व मीठ कमी करावयास लावले, आणि दुग्धोत्पादकांनी बेरीच्या फळांकडे वळावे यासाठी शासनाचे साहाय्य मिळवले. चार दशकांत तेथील कमावत्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू सुमारे चार पंचमांशांनी घटले. शेतकऱ्याचे उत्पन्न न बुडवता ताट बदलता येते, हा त्याचा धडा आहे.

आपल्या राज्यातही उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातील जिल्हे होते. सर्वांसाठी एकच ठरलेली औषधांची पायरी, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रात परिचारिकेकडून तपासणी आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढ्या चार गोष्टींवर तो उभा होता. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या वतीने त्याचा गौरव झाला. यात नवे तंत्रज्ञान थोडे आणि नित्यनेम फार. बानू कोयाजींनी वढूला जे दाखवले होते त्याचीच ही पुढची पायरी म्हणावयास हरकत नाही.

तेव्हा शिरूर-दौंडच्या कार्यकर्त्यांनी हाती घेण्याजोग्या गोष्टी मोजक्या व स्पष्ट आहेत. प्रत्येक उपकेंद्रात रक्तदाब व मधुमेहाची तीस दिवसांची औषधे शिल्लक आहेत की नाहीत याची नोंद ग्रामसभेत दर महिन्यास वाचली जावी. कारखान्यांच्या पाळ्या लक्षात घेऊन संध्याकाळची तपासणी मागावी. तोडणी कामगाराच्या तळावर पाणी, सावली व विश्रांती यांचा आग्रह कारखान्याच्या करारात यावा आणि त्याचे उपचारपत्रक त्याच्याबरोबर गावोगाव चालावे. गुऱ्हाळावरील मजुराची नोंदणी व्हावी. शिधावाटपात बाजरी-ज्वारी यावी आणि ती याच तालुक्यांतील शेतकऱ्याकडून आधारभूत किमतीने घेतली जावी. गरोदर स्त्रीच्या वाट्याला दुधाचा पेला घरात राहावा यासाठी दूध संस्थांनी स्वतःहून काही भार उचलावा.

शेवटी चळवळीच्या एका उणिवेचाही उल्लेख केला पाहिजे. परिस्थितीचा विचार करताना व्यसनाचा प्रश्न चळवळीने बराचसा कीर्तनकारांवर सोपवला. मजुरीच्या दरासाठी लढे झाले. पण सभेच्या मांडवातच तंबाखूची चंची हातोहात फिरत राहिली. परिस्थिती माणसाला तंबाखूकडे ढकलते हे खरे. परंतु ती बदलेपर्यंत तोंडाचा कर्करोग थांबत नाही, हेही तितकेच खरे. ज्या कार्यकर्त्याला उपकेंद्रात गोळी नाही म्हणून तहसीलदारासमोर बसावयाचे आहे, त्याने त्याआधी स्वतःचा रक्तदाब मोजून घ्यावा आणि घरातील वडीलधाऱ्यांचाही मोजवावा. दोन्ही कामे एकाच आठवड्यात सुरू करता येतील, आणि दुसऱ्या कामाला कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.